व्यक्तिमत्त्वाचे प्रकार : मानसशास्त्रीय सिद्धांत, मापन आणि मर्यादा

प्रस्तावना

माणसामाणसांतील स्वभावभेद ओळखणे व त्या भेदांना नावे देणे ही मनुष्याची फार जुनी प्रवृत्ती आहे. 'अमुक गृहस्थ तापट आहेत', 'तमुक विद्यार्थी अबोल आहे', 'तिचा स्वभाव मनमिळाऊ आहे' अशी विधाने आपण दैनंदिन व्यवहारात सहज करीत असतो. महाविद्यालयीन अध्यापकाला तर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या समूहाला सामोरे जावे लागते आणि अल्पावधीतच त्यांच्याविषयी काही मत बनवावे लागते. गटचर्चेत कोणाला पुढे करावे, प्रकल्प कोणाकडे सोपवावा, शिफारसपत्रात काय लिहावे, हे निर्णय बहुधा अशाच मतांवर आधारलेले असतात.

अलीकडच्या काळात या प्रवृत्तीला चाचण्यांची जोड मिळाली आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांत, रोजगार मार्गदर्शनाच्या उपक्रमांत व महाजालावरील विनामूल्य प्रश्नावल्यांतून विद्यार्थ्याला त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा 'प्रकार' काही मिनिटांत कळविला जातो. अशा निकालावरून 'मी अंतर्मुख आहे, म्हणून अध्यापन हे माझे क्षेत्र नव्हे' असा निष्कर्ष एखाद्या विद्यार्थिनीने काढला, तर त्याचे परिणाम तिच्या पुढील आयुष्यावर होतात. म्हणूनच माणसांचे असे प्रकार खरोखर अस्तित्वात असतात काय, त्यांच्यामागे कोणता सिद्धांत आहे आणि त्यावर कितपत विसंबावे, या प्रश्नांचा विचार अध्यापकांनी करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात याच तीन प्रश्नांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

व्यक्तिमत्त्व : संकल्पना

इंग्रजीतील 'पर्सनॅलिटी' हा शब्द 'पर्सोना' या लॅटिन शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ नटाचा मुखवटा असा आहे. व्यवहारात आजही व्यक्तिमत्त्व म्हणजे बाह्य रूप, पेहराव व संभाषणकौशल्य असाच अर्थ घेतला जातो. मानसशास्त्रातील अर्थ याहून व्यापक आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यक्तिमत्त्वाच्या सुमारे पन्नास व्याख्यांचा आढावा घेऊन स्वतःची व्याख्या मांडली. व्यक्तीच्या ठायी असलेल्या मनोशारीरिक यंत्रणांचे गतिशील संघटन म्हणजे व्यक्तिमत्त्व, असा तिचा आशय आहे. या व्याख्येतील 'गतिशील' हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. व्यक्तिमत्त्वात सातत्य असते, परंतु ते गोठलेले नसते, हे त्यातून सूचित होते.

या संघटनाचे वर्णन करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिली पद्धती माणसांची गटांत विभागणी करते. तिला प्रकार सिद्धांत म्हणतात. दुसरी पद्धती सर्व माणसांत कमी-अधिक प्रमाणात आढळणारे गुणविशेष शोधते व प्रत्येक व्यक्तीत त्यांचे प्रमाण किती आहे ते मोजते. तिला गुणविशेष सिद्धांत म्हणतात. पुढील सर्व विवेचन या दोहोंमधील फरकावर अवलंबून आहे.

वर्गीकरणाची प्राचीन परंपरा

ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पीत पित्त व कृष्ण पित्त असे चार शरीरद्रव मानले जात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गॅलेन या वैद्याच्या नावाशी निगडित असलेल्या परंपरेने त्यांची सांगड उत्साही, शांत, तापट व विषण्ण या चार स्वभावांशी घातली. ही चौकट युरोपात शतकानुशतके टिकून राहिली.

भारतीय परंपरेत आयुर्वेदाने वात, पित्त व कफ यांच्या आधारे प्रकृतिविचार मांडला, तर सांख्य दर्शनाने सत्त्व, रज व तम हे तीन गुण मानले. भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात या त्रिगुणांचे विवेचन आहे. मराठी वाचकाला समर्थ रामदासांच्या दासबोधातील दुसऱ्या दशकात रजोगुण, तमोगुण व सत्त्वगुण यांची लक्षणे स्वतंत्र समासांत सांगितलेली आढळतात. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्रिगुणांच्या विचारात कोणतीही व्यक्ती एकाच गुणाची बनलेली मानलेली नाही. तिन्ही गुण प्रत्येकात असतात व त्यांपैकी एखादा प्रबळ होऊन इतरांवर मात करतो, अशी ती कल्पना आहे. आयुर्वेदातही द्वंद्वज व समप्रकृती मानल्या आहेत. या विचारांचा हेतू आधुनिक मानसशास्त्रीय मापनाहून सर्वस्वी वेगळा होता, हे खरे. तरीही 'कोणता प्रकार' यापेक्षा 'कोणत्या गुणाचे प्रमाण किती' हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

विसाव्या शतकात शरीररचनेवरून स्वभाव ठरविण्याचे प्रयत्न झाले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट क्रेश्मर यांनी १९२१ मध्ये आणि अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४० च्या दशकात अशी वर्गीकरणे मांडली. शेल्डन यांच्या संशोधनात शरीराचे व स्वभावाचे गुणांकन त्यांनी स्वतःच केले होते. त्यामुळे पूर्वग्रहाचा दोष त्यात शिरला, अशी टीका झाली. आज हे सिद्धांत केवळ इतिहास म्हणून अभ्यासले जातात.

कार्ल युंग यांचा प्रकार सिद्धांत

आज प्रचलित असलेल्या बहुतेक प्रकारवर्णनांचा उगम स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंग यांच्या १९२१ मधील 'सायकोलॉजिकल टाइप्स' या ग्रंथात आहे. एकाच मनोविकाराचे स्पष्टीकरण सिग्मंड फ्रॉईड व आल्फ्रेड ॲडलर यांनी इतक्या भिन्न प्रकारे का करावे, हा युंग यांना पडलेला एक प्रश्न होता. फ्रॉईड यांच्या विवेचनात बाह्य वस्तूला व व्यक्तींशी असलेल्या संबंधांना प्राधान्य होते, तर ॲडलर यांच्या विवेचनात व्यक्तीच्या आंतरिक हेतूला. हा फरक सिद्धांतकारांच्या मनोवृत्तीतच असावा, असे युंग यांचे मत झाले.

त्यांच्या मते मानसिक ऊर्जेचा ओघ दोन दिशांना असू शकतो. तो बाह्य जगाकडे असेल तर बहिर्मुखता आणि स्वतःच्या आंतरिक जगाकडे असेल तर अंतर्मुखता. यांखेरीज त्यांनी मनाची चार कार्ये मानली. संवेदन हे काय आहे ते सांगते, विचार त्याचा अर्थ लावतो, भावना त्याचे मूल्य ठरविते आणि अंतःप्रज्ञा त्यातील संभाव्यता सुचविते. विचार व भावना ही निर्णय करणारी म्हणून 'विवेकी', तर संवेदन व अंतःप्रज्ञा ही केवळ ग्रहण करणारी म्हणून 'अविवेकी' कार्ये होत. येथे 'अविवेकी' या शब्दात दोषदर्शन नाही. दोन वृत्ती व चार कार्ये यांच्या संयोगातून आठ प्रकार सिद्ध होतात.

युंग यांच्या सिद्धांताचा गाभा मात्र या आठ नावांत नसून भरपाईच्या तत्त्वात आहे. जाणिवेच्या पातळीवर जी वृत्ती प्रबळ असते तिच्या विरुद्ध वृत्ती नेणिवेत वावरत असते व संधी मिळताच डोके वर काढते. दुर्लक्षित राहिलेल्या बाजूचा स्वीकार करून पूर्णत्वाकडे जाणे हे त्यांच्या मते आयुष्याच्या उत्तरार्धातील कार्य होय. शुद्ध अंतर्मुख वा शुद्ध बहिर्मुख मनुष्य नसतो आणि मधल्या गटातील माणसेच संख्येने सर्वाधिक असतात, असेही त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या ग्रंथाचा उपयोग माणसांना चिठ्ठ्या चिकटविण्यासाठी होऊ नये, असा इशारा त्यांनी १९३४ मध्ये अर्जेंटिनातील आवृत्तीच्या प्रस्तावनेत दिला होता.

ब्रिग्ज–मायर्स शोधिका

युंग यांचा ग्रंथ १९२३ मध्ये इंग्रजीत आला. कॅथरीन ब्रिग्ज (१८७५–१९६८) व त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स (१८९७–१९८०) या अमेरिकन मायलेकींनी त्याचा आस्थेने अभ्यास केला. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लोकांना आपल्या स्वभावाला अनुरूप काम मिळावे या हेतूने त्यांनी प्रश्नावली तयार करण्यास प्रारंभ केला. १९६२ मध्ये अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ती पुस्तिकेसह प्रसिद्ध केली.

या शोधिकेत चार जोड्या आहेत : बहिर्मुखता–अंतर्मुखता, संवेदन–अंतःप्रज्ञा, विचार–भावना आणि निर्णयप्रवणता–ग्रहणप्रवणता. चौथी जोडी स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत या मायलेकींची आहे. प्रत्येक जोडीतील एक बाजू निवडली असता सोळा प्रकार तयार होतात आणि प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरांचे नाव मिळते. उदाहरणार्थ, 'आय-एन-टी-जे' किंवा 'ई-एस-एफ-पी'. कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा हीन नाही, ही या शोधिकेची भूमिका स्वागतार्ह असून तिच्या लोकप्रियतेचे ते एक प्रमुख कारण आहे. तथापि, युंग यांच्या गतिशील सिद्धांताचे रूपांतर येथे स्थिर अशा सोळा कप्प्यांत झाले, हेही मान्य केले पाहिजे.

गुणविशेष सिद्धांत व पंचघटक प्रतिमान

दुसऱ्या पद्धतीचा प्रारंभ भाषेच्या अभ्यासातून झाला. स्वभावातील जे भेद माणसांना महत्त्वाचे वाटतात त्यांच्यासाठी भाषेत शब्द निर्माण होतात, हे त्यामागील गृहीतक होय. ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून व्यक्तिवर्णनपर असे १७,९५३ शब्द वेचले. रेमंड कॅटेल यांनी या शब्दसंग्रहाचा संक्षेप करून घटक विश्लेषणाच्या आधारे सोळा घटक निश्चित केले व १९४९ मध्ये आपली प्रश्नावली प्रसिद्ध केली. हान्स आयझेंक यांनी बहिर्मुखता व भावनिक अस्थैर्य या दोन परिमाणांवर भर दिला. पुढे ट्यूप्स व क्रिस्टल (१९६१), नॉर्मन (१९६३) व गोल्डबर्ग (१९८१) यांच्या कार्यातून पाच व्यापक घटक पुन्हा पुन्हा समोर आले. कॉस्टा व मॅक्रे यांच्या १९९२ मधील २४० विधानांच्या सुधारित शोधिकेमुळे हे प्रतिमान जगभर प्रचलित झाले.

हे पाच घटक पुढीलप्रमाणे आहेत :

१. नवानुभवांविषयी खुलेपणा : कल्पकता, जिज्ञासा, कलाभिरुची.
२. कर्तव्यदक्षता : शिस्त, नियोजन, हाती घेतलेले काम तडीस नेण्याची वृत्ती.
३. बहिर्मुखता : संगतीची आवड, उत्साह, पुढाकार.
४. सौहार्द : सहकार्य, विश्वास, परदुःखाची जाणीव.
५. भावनिक अस्थैर्य : चिंता, खिन्नता, ताणाला चटकन वश होण्याची प्रवृत्ती.

येथे कोणालाही कप्प्यात टाकले जात नाही. प्रत्येक व्यक्तीला पाचही घटकांवर कमी-अधिक गुणांक मिळतात.

प्रकार की परिमाण?

माणसांचे खरोखर दोन वेगळे गट असते, तर अंतर्मुखता–बहिर्मुखतेच्या गुणांकांचा आलेख दोन शिखरांचा निघाला असता आणि दोहोंच्या मध्ये दरी दिसली असती. प्रत्यक्षात बहुसंख्य व्यक्ती मध्याच्या आसपास आढळतात व टोकाला थोड्या असतात. एका साध्या उदाहरणाने यातील अडचण स्पष्ट होईल. समजा, वीस प्रश्नांच्या चाचणीत दहापेक्षा अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी बहिर्मुख मानला. मग नऊ गुणांचा विद्यार्थी अंतर्मुख व अकरा गुणांचा बहिर्मुख ठरतो. त्यांच्यात अवघ्या दोन गुणांचे अंतर असूनही ते विरुद्ध प्रकारांत जातात. उलट अकरा व वीस गुण मिळविणारे दोघे एकाच प्रकारात बसतात. मोजलेली माहिती वर्गीकरणात अशा रीतीने गमावली जाते.

हीच अडचण विश्वसनीयतेच्या बाबतीत उद्भवते. प्रत्येक जोडीवर पुनर्चाचणीच्या वेळी ८५ टक्के व्यक्ती त्याच बाजूला राहिल्या, असे मानू. एका जोडीपुरते हे प्रमाण समाधानकारक दिसते. परंतु चारही जोड्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास संपूर्ण प्रकार कायम राहण्याची संभाव्यता ०.८५ चा चतुर्थ घात, म्हणजे सुमारे ०.५२ इतकीच उरते. जवळजवळ निम्म्या व्यक्तींचा प्रकार बदलेल. हे केवळ गणित नव्हे. डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात पाच आठवड्यांच्या अल्प कालावधीनंतरही ५० टक्क्यांपर्यंत व्यक्तींचे वर्गीकरण बदलू शकते, असे नमूद केले आहे. मध्यरेषेजवळच्या व्यक्ती किंचित बदलानेही रेषा ओलांडतात, हे त्याचे कारण होय.

मॅक्रे व कॉस्टा यांनी १९८९ मध्ये ब्रिग्ज–मायर्स शोधिकेची पंचघटक प्रतिमानाशी तुलना केली. माणसांचे स्वतंत्र गट असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र शोधिकेच्या चार मापनश्रेणी पाचपैकी चार घटकांशी संबंधित असल्याचे त्यांना आढळले. याचा अर्थ ही शोधिका काहीच मोजत नाही असा नव्हे. ती जे मोजते ते परिमाण आहे, प्रकार नव्हे. शिवाय पाचवा घटक, भावनिक अस्थैर्य, तिच्यात मुळीच येत नाही. विद्यार्थ्याच्या मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने नेमका हाच घटक महत्त्वाचा असतो.

प्रकारांचा शोध मात्र संपलेला नाही. २०१८ मध्ये गेरलाख व सहकाऱ्यांनी पंधरा लाखांहून अधिक व्यक्तींच्या उत्तरांचे विश्लेषण करून चार समूह दर्शविले. परंतु हे समूह म्हणजे परस्परांपासून तुटलेले गट नसून, सलग पसरलेल्या वितरणातील अधिक दाट अशा जागा आहेत.

वर्णन पटते म्हणून खरे असते काय?

'चाचणीने माझे वर्णन तंतोतंत केले', असा अनुभव अनेकजण सांगतात. या अनुभवाचे मूल्य किती, याचे उत्तर बर्ट्राम फोरर यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून मिळते. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली व प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. वस्तुतः सर्वांना दिलेले वर्णन एकच होते आणि त्यातील बहुतेक विधाने ज्योतिषविषयक पुस्तकातून घेतली होती. तरीही विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम, उभयान्वयी व किंचित प्रशंसापर विधाने प्रत्येकाला आपलीच वाटतात. म्हणून वर्णन पटणे हा चाचणीच्या सप्रमाणतेचा पुरावा ठरू शकत नाही.

परिस्थिती, काळ आणि बदल

गुणविशेष सिद्धांतालाही मर्यादा आहेत. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये असे दाखवून दिले की, गुणविशेषाचे मापन व विशिष्ट प्रसंगातील वर्तन यांतील सहसंबंध सहसा ०.३० च्या पुढे जात नाही. वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी स्नेहसंमेलनाच्या तालमीत सर्वांना सूचना देताना दिसतो, तो यामुळेच. सिमूर एपस्टाइन यांनी १९७९ मध्ये त्याची दुसरी बाजू मांडली. एका प्रसंगाऐवजी अनेक दिवसांच्या निरीक्षणांची सरासरी घेतली तर वर्तनातील सातत्य ठळकपणे दिसते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले असता अध्यापकासाठी बोध स्पष्ट आहे : एका प्रसंगावरून विद्यार्थ्याचा स्वभाव ठरवू नये.

जुळ्या व्यक्तींच्या अभ्यासांनुसार व्यक्तिमत्त्वातील व्यक्तिगत भेदांपैकी साधारणतः ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित असतो. हे प्रमाण समूहातील भेदांविषयी आहे. एका व्यक्तीचा निम्मा स्वभाव जन्मजात असतो, असा त्याचा अर्थ नाही. रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यासनमुन्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यानुसार कर्तव्यदक्षता व भावनिक स्थैर्य यांत वयाच्या वीस ते चाळीस या काळात विशेषत्वाने वाढ होते. आपल्यासमोरील विद्यार्थी याच कालखंडाच्या उंबरठ्यावर उभा असतो.

अध्यापकांसाठी उपयोजन

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सुचविता येतात.

१. प्रकाराचे नाव संभाषणाचा प्रारंभ म्हणून वापरावे, निर्णयाचा आधार म्हणून नव्हे. ब्रिग्ज–मायर्स शोधिकेच्या प्रकाशकांनीही ती नोकरभरतीतील निवडीसाठी वापरू नये, अशी भूमिका घेतली आहे. मग प्रवेश, गटवाटप वा शिफारस यांसाठी ती वापरणे समर्थनीय ठरत नाही.

२. विद्यार्थ्याला गुणविशेषांच्या भाषेत सांगावे. 'तू अंतर्मुख आहेस' या वाक्यापेक्षा 'मोठ्या गटात बोलण्यापूर्वी तुला विचाराला वेळ लागतो' हे वाक्य अधिक अचूक आहे. त्यात उपायही दडलेला आहे : चर्चेचा विषय आदल्या दिवशी द्यावा, प्रथम लेखी मुद्दे काढू द्यावेत, आधी दोघांत व नंतर वर्गात बोलू द्यावे.

३. संकोच व अंतर्मुखता यांत गल्लत करू नये. अंतर्मुख व्यक्तीला एकांत आवडतो. संकोची व्यक्तीला बोलायचे असते, पण भीती वाटते. ग्रामीण भागातून आलेल्या किंवा घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे मौन अनेकदा इंग्रजी माध्यमाच्या दडपणातून आलेले असते. ते स्वभावाच्या खात्यात मांडणे हा त्याच्यावर अन्याय होय.

४. कर्तव्यदक्षतेकडे विशेष लक्ष द्यावे. बॅरिक व माउंट यांच्या १९९१ मधील विश्लेषणात विविध व्यवसायांतील कार्यक्षमतेशी या घटकाचा संबंध सातत्याने आढळला, तर पोरोपॅट यांच्या २००९ मधील विश्लेषणात शैक्षणिक संपादनाशीही. नियमित गृहपाठ, टप्प्याटप्प्याने मूल्यमापन व वेळेवर प्रतिसाद यांमधून या घटकाशी निगडित सवयींना वर्गात खतपाणी घालता येते.

५. 'अध्ययनशैली'नुसार विद्यार्थ्यांचे प्रकार पाडून त्यानुसार शिकविण्याच्या आवाहनांकडे चिकित्सक दृष्टीने पाहावे. पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात अशा जुळवणीने अध्ययन सुधारते, याचा पुरेसा पुरावा आढळला नाही. विषयाच्या स्वरूपानुसार अध्यापनात विविधता ठेवणे सर्वांनाच हितकर असते.

समारोप

व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांनी मानसशास्त्राला व समाजाला एक उपयुक्त शब्दसंग्रह दिला आहे. आपल्याहून वेगळ्या स्वभावाचा मनुष्य सदोष नसतो, ही जाणीव युंग यांच्या सिद्धांताने रुजविली, हे त्याचे मोठे योगदान होय. परंतु उपलब्ध पुरावा असे दर्शवितो की, मानवी स्वभावातील भेद प्रमाणाचे आहेत, जातीचे नाहीत. ते परिस्थितीनुसार निरनिराळ्या रीतीने व्यक्त होतात आणि तारुण्यात बदलत राहतात. अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला चार अक्षरांत बसविले, तर जो बदल घडविण्यासाठी महाविद्यालय अस्तित्वात आहे त्याचीच शक्यता आपण नाकारतो. अध्यापकाने विद्यार्थ्याविषयी मत अवश्य बनवावे. मात्र ते अनेक प्रसंगांच्या निरीक्षणावर आधारलेले असावे आणि प्रत्येक सत्राच्या अखेरीस पुन्हा तपासले जावे.